पावणेचार मीटरचा रस्ता

मागच्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भोर-महाड रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय निघाला. कुणीतरी कापलेल्या डोंगराचा फोटो टाकला होता. लाल मातीची उभी भिंत, पायथ्याशी पोकलेन. मी लिहिलं, "एवढा रुंद करायची काय गरज होती? नीरेचं खोरं म्हणजे लोकांनी मुद्दाम सायकल चालवायला यावं असा मुलूख आहे, तो खरवडून टाकताय." आतेभावाचं उत्तर आलं, "दादा, तुमच्या जर्मनीत माणसंच नाहीत म्हणून रस्ते शांत. इथं सायकल चालवून पोट भरत नाही." त्याखाली सात अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

माणसंच नाहीत म्हणे! मी कार्ल्सरूहेला राहतो, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात. इथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा 365 होता. फार फरक नाही. आणि मोटारी म्हणाल तर या देशात दर दोन माणसांमागे एकीहून जास्त. आमच्या भोरकडच्या हिर्डस मावळात अजून कित्येक घरांपुढे एक दुचाकी, तीही मुलाने पुण्याहून आणलेली. शांतता गाड्या नसल्यामुळे येत असती, तर ती आधी आपल्याकडे यायला हवी होती.

मी दर वर्षी मे-जूनमध्ये तीन-चार रविवार मुर्ग नदीच्या खोऱ्यात घालवतो. सकाळी एस 8 या लोकल गाडीत सायकल चढवायची, फ्रॉयडेनश्टाटला उतरायचं. गाव सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथून नदीच्या सोबतीने बायर्सब्रोन, श्योनम्युन्त्साख, फोरबाख, गेर्न्सबाख करत खाली राश्टाटला, ऱ्हाईनच्या सपाटीवर. साठ-सत्तर किलोमीटर. मध्ये रस्ता नदी सोडून जंगलात चढतो, पोटऱ्या भरून येतात, आणि पुन्हा उतरला की एकदम पाण्याचा आवाज. वाइझेनबाखच्या आसपास उतारावरच्या कुरणांत गवत साठवायच्या लहान लहान लाकडी झोपड्या आहेत. त्या पाहिल्या की मला आमच्याकडच्या गवताच्या गंजी आठवतात. पंधरा वर्षं झाली, अजून आठवतात.

दमलं की कुठल्याही स्टेशनवर गाडीत बसता येतं. ही रेल्वे राश्टाटहून गेर्न्सबाखपर्यंत 1869 मध्ये आली, आणि फ्रॉयडेनश्टाटपर्यंत सलग व्हायला 1928 उजाडलं. एका खोऱ्यासाठी एवढी वर्षं खपणं मला महत्त्वाचं वाटतं. फोरबाखचा छप्पर असलेला लाकडी पूल तसाच. मूळचा 1778चा, आणि 1955 मध्ये पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हाही लाकडाचाच बांधला. सिमेंट तेव्हा मिळत नव्हतं असं थोडंच आहे?

आता खरी गोष्ट. याच खोऱ्यातून बी 462 हा मोठा रस्ता जातो. ट्रक, बस, मोटारी, सगळं त्याच्यावर. गेर्न्सबाखला तो बोगद्यात शिरतो, गावाच्या डोक्यावर बसत नाही. आणि मी ज्या रस्त्याने जातो, तो बऱ्याच ठिकाणी शेतावर किंवा जंगलात जायचा साधा डांबरी रस्ता आहे. तीनेक मीटर रुंद. कडेला गवत, मध्येच शेणाचा वास, वळणावर समोरून ट्रॅक्टर आला तर मी गवतात पाय टेकतो, तो दोन बोटं वर करतो, संपलं. या रस्त्याच्या तोंडाशी एक गोल पांढरी पाटी असते, लाल कडेची, मोटारींना मनाई करणारी. तिच्या खाली एक छोटी आयताकृती पाटी, शेतीच्या आणि जंगलाच्या कामाच्या वाहनांना मोकळीक देणारी. बस. एक खांब आणि दोन पत्रे.

आपल्याकडे प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून 2000 पासून वाड्यावस्त्यांना रस्ते झाले. एकेरी रस्त्याची डांबरी रुंदी 3.75 मीटर. म्हणजे मुर्गच्या खोऱ्यात ज्याच्यासाठी लोक लांबून येतात, त्याच्याहून थोडा रुंदच रस्ता आपल्या प्रत्येक खोऱ्यात टाकून झाला आहे. नीरेच्या दोन्ही अंगांना गावं आहेत. महाडकडे जाणारी सगळी रहदारी एका अंगाला. पलीकडच्या अंगाच्या रस्त्याला दिवसभरात एसटी, दुधाची गाडी, चार मोटारसायकली. तो रस्ता नवा बांधायचा नाही, रुंद करायचा नाही. तिथे तीसची वेगमर्यादा लावून ती पाळायला लावायची, वडापिंपळाला कुऱ्हाड लावायची नाही, आणि धरण बघायला आलेल्या शहरी गाड्यांना मोठ्या रस्त्यावरच थांबवायचं. याला कोटी लागतात का?

भाटघरचं धरण 1920च्या दशकातलं. फोरबाखच्या वर श्वार्त्सेनबाखचं धरण आहे, तेही त्याच दशकातलं. दोन्हीकडे डोंगरांच्या मध्ये अडलेलं काळं पाणी, दोन्हीकडे काठाने रस्ता. मी श्वार्त्सेनबाखच्या काठी बसून भाकरी खाल्ली आहे, खरंच भाकरी, बायकोने बांधून दिलेली. पण भाटघरच्या काठाने सायकलवर गेलो तो शेवटचा बारावीत असताना.

ग्रुपवर दुसऱ्या एका काकांनी लगेच ग्रँड टूर काढली. 2026च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात सायकलची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तिच्या वाटेवरचे रस्ते नव्याने डांबरले गेले. काकांचं म्हणणं, परदेशी पोरांसाठी पैसा निघतो, आम्ही खड्ड्यांत. मला त्या शर्यतीचा अभिमान वाटला. सह्याद्रीच्या वळणांवरून सगळे जण एका घोळक्यात जाताना बघून मी एकटाच टाळ्या वाजवल्या. तरी काकांची चीड मला पटते, फक्त वेगळ्या कारणाने. गुळगुळीत डांबर झालं आणि वेगाला लगाम नसला, की त्या रस्त्यावर सायकलवाला आधीपेक्षा जास्त धोक्यात येतो. खड्ड्यांत निदान गाडी हळू जायची. इथे जर्मनीत गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दोन मीटर अंतर सोडायचं, गावात दीड, हा आकडा 2020 पासून कायद्यात लिहिलेला आहे. सगळे पाळतात असं नाही, पण ज्याने पाळलं नाही त्याला आपण चुकलो हे ठाऊक असतं.

"सायकल हे त्यांचं खूळ आहे," असंही कुणी लिहिलं. त्यांचं? ज्या वर्षी खडकीची लढाई होऊन पेशवाई खिळखिळी झाली, त्याच 1817 मध्ये कार्ल ड्राइस नावाच्या बाडेनच्या वनाधिकाऱ्याने मानहाइममध्ये दोन चाकांची, पायाने रेटायची लाकडी गाडी चालवून दाखवली. तो मूळचा कार्ल्सरूहेचा, त्याची कबरही इथेच आहे. हे सगळं मान्य. पण पुढच्या काळात सायकलवर जगलं कोण? पुण्याला सायकलींचं शहर कुणी म्हटलं? आमच्या वडिलांनी सत्तावीस वर्षं शाळेत सायकलने जाऊन मास्तरकी केली. पाऊस असो की ऊन, मागच्या कॅरिअरला पेपरांचा गठ्ठा, पुढच्या दांडीवर मी. ती सायकल त्यांचं खूळ नव्हती आणि माझंही नाही.

ती विकायला मीच लावली. अकरावीला भोरच्या कॉलेजात मुलं मोटारसायकलवरून यायची, आणि मास्तर बाजारात सायकल हातात धरून चालताना दिसले की मी गल्ली बदलायचो. पहिल्या पगारात त्यांना हप्त्यावर दुचाकी घेऊन दिली, आणि सायकल भंगारवाल्याला देताना अडवलं नाही. आता इथे मी पगाराच्या दीडपट किमतीची सायकल भिंतीला टांगून ठेवतो. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

आणखीही लिहिलं नाही. मुर्गच्या वरच्या अंगाला श्वार्त्सवाल्डहोखश्ट्रासे नावाचा डोंगरमाथ्यावरचा रस्ता आहे, तिथे रविवारी मोटारसायकलींचा असा गोंगाट असतो की मी त्या बाजूला फिरकत नाही. या राज्याच्या वन कायद्यात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल न्यायला मनाई आहे, त्यावरून इथेही लोक तावातावाने भांडतात. आणि मुर्गकाठची माझी शांत वाट शांत आहे, कारण बी 462 जवळच आहे, रुंद आणि पक्का. मी त्याचं नाव न घेता वाटेचे फोटो पाठवत राहिलो.

शेवटी आतेभावाने ग्रुप सोडून मला एकट्याला निरोप पाठवला. "दादा, तुला सायकलीला रस्ता पाहिजे. आम्हाला ॲम्ब्युलन्सला."

त्याने पुढे काहीच लिहिलं नाही, लिहायची गरजही नव्हती. जुलैतल्या त्या रात्री वडिलांना त्यानेच जीपमध्ये घालून भोरला नेलं, तिथून पुण्याला. आई मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. रस्त्यावर दरड आली होती, पोरांनी हातांनी दगड बाजूला केले. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. सगळं उरकलं होतं. त्या रस्त्यावर बोलायचा त्याचा हक्क माझ्याहून मोठा आहे, आणि तो माझ्याशी भांडताना एवढी वर्षं हे कधीच बोलला नव्हता.

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, मोठा रस्ता तुझा. तो होऊ दे, चांगला होऊ दे, दरड अडवणारी भिंत बांधून होऊ दे. माझं म्हणणं पलीकडच्या अंगाच्या रस्त्याबद्दल आहे, तो एक रुंद करू देऊ नकोस, ग्रामसभेत तू बोल, तुझं ऐकतात. माझं कोण ऐकणार, मी तिथे मतदारयादीतही नाही.

रविवारी त्याचा व्हिडिओ आला. मोटारसायकलवर बसून एका हाताने काढलेला, हलणारा. पलीकडचा रस्ता. भातखाचरं, कडेला करवंदीच्या जाळ्या, एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन बाजूला सरकली, तिने हात केला. एका मोरीपाशी त्याने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. पाण्याचा आवाज येत राहिला.

मग म्हणाला, "इथं थांबायचे मामा. सायकल टेकवायचे, तोंड धुवायचे आणि मग पुढं."

मला ती जागा आठवत नव्हती.