‘रिकामटेकड्या बायकांचे चोचले’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रोझेशियावरच्या (गाल-नाक वारंवार लाल होणं, पुळ्या येणं असा चेहऱ्याच्या त्वचेचा चिवट आजार) माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. नाव तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे नुसतं ‘नमस्कार’ म्हणते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. हा गोऱ्या कातडीच्या लोकांचा आजार, आपल्याकडे त्याचं खूळ इंटरनेटमुळे आलं. आपल्या आज्यांनी बेसन-हळद-लिंबू लावून आयुष्य काढलं. गरम चहा टाळा या सल्ल्याला आधार काय? औषधांना दोन ओळी आणि तोंड धुण्याला दोन पानं का? सनस्क्रीन परवडतं कोणाला? तुमच्या मेव्हणीने मेडिकलमधून ट्यूब आणली आणि आठ दिवसांत चेहरा साफ झाला. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य: “गॅससमोर उभं राहू नका, उन्हात जाऊ नका, तोंड हलक्या हाताने धुवा, हे सगळे घरी पोळ्या करायला बाई असलेल्या रिकामटेकड्या बायकांचे चोचले आहेत.”

सनस्क्रीन महाग पडतं, हे शंभर टक्के मान्य. नीट लावायचं तर ट्यूब भराभर संपते, आणि झिंक ऑक्साइडचं चांगलं सनस्क्रीन दर महिन्याला आणणं बऱ्याच घरांत जमणार नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी छत्री, रुंद काठाची टोपी आणि सुती ओढणी हे उपाय आहेतच. तुमचा हा मुद्दा रास्त आहे.

त्या मधल्या वाक्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे.

पहिली गोष्ट, ‘उन्हात जाऊ नका’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. दहा ते चारच्या उन्हात जाताना डोकं आणि चेहरा झाका, असं लिहिलं आहे. ‘गॅससमोर उभं राहू नका’ असंही लिहिलेलं नाही. चेहऱ्यावर थेट धग येणार नाही अशी जागा करा, असं लिहिलं आहे. टीका जरूर करा, पण जे लिहिलंय त्यावर करा. माझ्या तोंडी आपली वाक्यं घालून मग त्यांना चोचले म्हणायचं, ही वाद घालायची रीत नव्हे.

दुसरी गोष्ट. माझ्याबद्दल काहीही ठाऊक नसताना माझ्या घरी पोळ्या करायला बाई आहे, असं तुम्ही ठरवून टाकलंत. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून पुण्यात पोळी-भाजी केंद्र चालवायचो. पहाटे कणीक भिजवायला घ्यायची, आठच्या आत ऑफिसच्या डब्यांच्या पोळ्या बाहेर पडायच्या, दुपारच्या गिऱ्हाइकांसाठी दुसरी खेप. वर पत्रा, समोर तवे, मागे आमटीचं मोठं पातेलं, शेजारी ठेच्यासाठी भाजत टाकलेल्या मिरच्या. दुसऱ्यांच्या घरी ज्या पोळ्या जायच्या त्या करणारी बाई मीच होते.

आधी नुसते गाल पेटायचे. आरशात फारसं दिसायचं नाही, कारण मी सावळी आहे, पण हात लावला की गाल तापलेले कळायचे. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक पुळ्या आल्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. घरच्यांनी सांगितलं, उष्णता झाली, सब्जा खा. शेजारणी म्हणाल्या, पित्त आहे. पार्लरमधल्या मुलीने मुरूम समजून वाफ दिली आणि वरून स्क्रबने घासून काढलं. त्या रात्री मला उशीवर गाल टेकवता आला नाही. आणि मी तक्रार केली की एकच उत्तर मिळायचं, सगळ्याच बायका स्वयंपाक करतात, तूच कशी एवढी नाजूक? तेव्हा तुमचं वाक्य मला नवीन नाही. ते मी घरात ऐकलंय, दारात ऐकलंय, आणि ऐकून ऐकून डॉक्टरकडे जायचं कितीतरी दिवस लांबवलंय.

शेवटी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काचेची पट्टी माझ्या गालावर दाबून धरली. पट्टीखाली रंग फिका पडला, पट्टी उचलली तशी लाली परत भरून आली. सावळ्या कातडीतली लाली, जी घरात कोणाला दिसत नव्हती, ती अशी दिसली. मग त्यांनी नाकावर ब्लॅकहेड्स आहेत का ते पाहिलं. नव्हते. मुरुमांमध्ये ते सापडतात, रोझेशियात नसतात. ल्युपस या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारातही गालांवर असंच लाल पसरतं, म्हणून रक्ततपासणी करून ती शंका काढून टाकली. मेट्रोनिडॅझोलचं जेल दिलं, काही आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, कारण रोझेशिया पापण्यांच्या कडांना आणि पुढे बुबुळालाही त्रास देऊ शकतो. आणि हे सगळं झाल्यावर विचारलं, “तुमची शेगडी कुठे आहे?”

तोवर मला हे कोणीच विचारलं नव्हतं. आम्ही केंद्रावर परत येऊन शेगडी खिडकीखाली ओढली. पंखा समोरून लावला की ज्योत फडफडते, म्हणून तो मागून, खांद्याच्या उंचीवर बसवला. मानेवर ओला पंचा ठेवायला लागले, फार तापलं की तोंडात बर्फाचा छोटा खडा धरायचे. लाटणं आणि भाजणं जाऊबाईंशी आलटून पालटून केलं. ठेच्याच्या मिरच्या त्या भाजायच्या, झाकण ठेवून, आणि मी तेवढा वेळ बाहेर पीठ चाळायचे. काम एक दिवसही थांबलं नाही. वायरमनला दिलेले पैसे सोडले तर खर्चही नाही. हे तुम्हाला चोचले वाटत असतील तर मे महिन्यात पत्र्याखाली एका तव्यासमोर डब्यांच्या पोळ्या संपेपर्यंत उभे राहून पाहा आणि मग मला लिहा.

यामागे कारणही आहे. धग आणि मिरचीतलं कॅप्सायसिन, दोन्ही आपल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या एकाच ग्राहीला (धग-जळजळ टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवतात. रोझेशियात ही यंत्रणा आधीच हुळहुळी झालेली असते, रक्तवाहिन्या चटकन रुंदावतात आणि चेहरा पेटतो. असं वारंवार झालं की लाली मुक्कामाला येते, बारीक रक्तवाहिन्या कायमच्या दिसू लागतात. शिवाय त्वचेचा वरचा थर कमकुवत झालेला असतो, त्यातून ओलावा निसटतो, आणि इतरांना न झोंबणारी वस्तू झोंबते. म्हणून तोंड धुण्याला दोन पानं. कढत नव्हे, साधं किंवा कोमट पाणी. बोटांच्या टोकांनी, पंचाने न घासता. मऊ सुती कापडाने टिपायचं, चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मगच औषध, म्हणजे ते कमी झोंबतं. त्यावर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. मेन्थॉल, कापूर, निलगिरीचं तेल, अल्कोहोल असलेलं टोनर, स्क्रब, यातलं काहीही चेहऱ्याजवळ नको. आजाराने ग्रासलेल्या माणसाला दिवसातून दोनदा हे करायचं असतं, वर्षानुवर्षं. औषध डॉक्टर लिहून देतात, पण रोजचं तोंड धुणं कोणी शिकवत नाही, ते मी लिहिलं. त्याला हसण्यासारखं मला काही दिसत नाही.

आता तुमचे बाकीचे मुद्दे.

औषधांना दोन ओळी दिल्या, कारण मी डॉक्टर नाही. मेट्रोनिडॅझोल, अझेलेइक अॅसिड, आयव्हरमेक्टिनचं क्रीम, डॉक्सिसायक्लिन ही नावं लेखात आहेत. कोणाला काय आणि किती, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवणार. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही, एवढं एक कारणही इथे बसून औषधं न वाटायला पुरेसं आहे. लेखाचं पहिलंच वाक्य ‘आधी निदान करून घ्या’ असं आहे, ते तुम्ही वाचलं नसावं.

चहाचं म्हणाल तर मी ‘गरम’ हा शब्द मुद्दाम लिहिला होता. 1981 सालीच प्रयोग झाला आहे. 60 अंशांचं नुसतं गरम पाणी प्यायलं तरी रोझेशियाच्या रुग्णांचा चेहरा लाल झाला, गरम कॉफीनेही झाला, पण थंड कॉफीने आणि नुसत्या कॅफिनने झाला नाही. पुढे 2018 मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून तर असं दिसलं की कॉफी जास्त पिणाऱ्यांत रोझेशिया कमी आढळतो. चहा सोडू नका, निववून प्या. मी आजही दोन वेळा पिते.

आज्यांच्या बेसनाबद्दल मला आदर आहे. पण लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास, निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास, आणि आपल्या वडीच्या साबणाचा नऊ-दहा. पेटलेल्या गालावर यातलं काही चोळलं की काय होतं ते मी भोगलं आहे. ज्यांच्या आजीला रोझेशिया नव्हता, त्यांच्या आजीचं उदाहरण इथे उपयोगाचं नाही.

गोऱ्यांच्या आजाराबद्दल वर लिहिलंच आहे. गोऱ्या कातडीवर तो लगेच दिसतो. आपल्याकडे तो ओळखू येत नाही, म्हणून नाही असं धरून चालतात.

राहिली तुमच्या मेव्हणीची ट्यूब. तुमच्या इतर वाक्यांचा राग आला, हे वाचून काळजी वाटली. चिठ्ठीशिवाय आणलेल्या आणि आठवड्यात चेहरा साफ करणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. आमच्याकडे पोळ्या लाटायला येणारी एक मुलगी अशीच ट्यूब लावायची. सुरुवातीला चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं. काही महिन्यांनी कातडी पातळ झाली, गालांवर लव वाढली, लाल पुळ्या आल्या, आणि ट्यूब एक दिवस चुकवली की चेहरा भाजल्यासारखा व्हायचा, म्हणून ती पुन्हा लावायची. हा प्रकार आपल्या देशात एवढा वाढला की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 2008 मध्ये त्याला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असं स्वतंत्र नाव दिलं, आणि 2018 मध्ये सरकारने अशी 14 लावायची स्टिरॉइड औषधं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत, शेड्यूल एचमध्ये, घातली. तरी ती काउंटरवर मिळतात. स्वतःच्या त्रासाला कोणी चोचले म्हणू नये म्हणून बायका दवाखान्याची रांग टाळतात आणि ट्यूब आणतात. तुमच्यासारख्या प्रतिक्रियांचा मला राग येतो तो याच कारणाने.

तेव्हा कृपा करून एवढं करा. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी कुठल्या स्टिरॉइडचं नाव लिहिलंय का ते पाहा. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असू शकेल. यातलं कुठलं स्टिरॉइड असेल तर मेव्हणीला ती आपल्या मनाने एकदम बंद करायला सांगू नका, चेहरा दुपटीने भडकू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. ते कशी आणि किती दिवसांत सोडायची ते सांगतील. सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते, तिथे खर्च फारसा येत नाही. जाताना ट्यूब बरोबर असू द्या, रिकामी झालेली असली तरी.