शून्य बाइटचा कब्जेदार

परवा एका सरकारी कार्यालयात मला एक फोल्डर कॉपी करून घ्यायचं होतं. पत्र होतं, पत्रावर साहेबांचा 'देणे' असा शेरा होता, आवक क्रमांक होता, कोरी हार्ड डिस्क होती. पुण्यातल्या ओढ्या-नाल्यांच्या नकाशाचा डेटा. पैसे करदात्यांचे, सर्वेक्षण झालेलं. घ्यायचं आणि निघायचं.

तर हा डेटा एका फाइलीत नसतो. 'डॉट जीडीबी' नावाचं फोल्डर असतं आणि आत ए-शून्य-शून्य-शून्य करत जाणाऱ्या नावांच्या ढीगभर फाइली. ओढा कुठला आणि रस्ता कुठला, हे नावावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. (नकाशे साठवायची आधीची तऱ्हा, शेपफाइल, तर आणखी इरसाल. तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे जात नाही. इंग्रजीत लिहिलेले 'ड्रेनेज लेंग्थ' आणि 'ड्रेनेज लेव्हल' दोघंही 'ड्रेनेज एल' वर येऊन खुंटतात. मग पाइपाची लांबी कोणती आणि पातळी कोणती, हे ज्यानं भरलं त्याला विचारायचं, आणि तो तोवर बंगळुरूला गेलेला असतो.) असो. यातली गोम अशी, की कुणी नकाशा नुसता उघडून पाहिला तरी फोल्डरात त्याच्या कॉम्प्युटरच्या नावानं एक 'डॉट लॉक' फाइल पडते. आकार शून्य बाइट. बाकीचा सगळा डेटा खुशाल कॉपी होतो. ही एक होत नाही, कारण ती त्या कॉम्प्युटरनं धरून ठेवलेली असते.

इलाज साधा आहे. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे, तिला सांगायचं की लॉकवाल्या फाइली वगळ. पण कीबोर्डला बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही, असा तिथला नियम. मी सांगायचं, ऑपरेटरनं टाइप करायचं.

"स्लॅश."

"इकडं कललेला का तिकडं?"

"तिकडं. एक्स एफ. मग स्पेस, स्टार, डॉट, लॉक."

"लॉक वगळायचं?" त्याचं बोट हवेतच थांबलं. "मग उद्या तुम्हीच म्हणाल, डेटा अपुरा दिला. मी सगळंच देतो." आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं एंटर दाबलं.

आता रोबोकॉपीचा मूळ स्वभाव सांगतो. एखादी फाइल अडली, की वेगळं काही सांगितलेलं नसेल तर ती ३० सेकंद थांबते आणि पुन्हा प्रयत्न करते. असे दहा लाख प्रयत्न. गुणाकार करून पाहा, तीन कोटी सेकंद होतात, म्हणजे ३४७ दिवस. एका शून्य बाइटच्या फाइलीसाठी. काळ्या पडद्यावर 'थांबतोय, थांबतोय' उमटू लागलं आणि ऑपरेटर चहाला उठला.

"मी बोलू का?"

मागच्या बाकावर एक काका होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत झोन दाखल्याची फाइल. 'बोलू का' ही त्यांची विनंती नव्हती, प्रस्तावना होती.

"जमीन मोकळी आहे, पण बांधावर कुणीतरी बसलाय. बरोबर?"

"साधारण तसंच."

"नाव लागलंय त्याचं?"

"फाइलीच्या नावातच त्याच्या कॉम्प्युटरचं नाव आहे."

"सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी, का इतर हक्कात?"

मी विचार करून 'इतर हक्कात' म्हणालो.

"नांगरतोय, का नुसता बघत उभा आहे?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुठल्याही प्रशिक्षणात कुणी विचारलेला नाही. बघणाऱ्याचं लॉक वेगळं आणि बदल करणाऱ्याचं वेगळं. कुणी बदल करत असताना कॉपी घेतली तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी हातात येऊ शकतं. म्हणून मी सुरुवातीलाच ते पाहून घेतलं होतं. "नुसता बघतोय," मी म्हणालो. "बदल करत असता तर नावात ईडी आलं असतं."

"ईडी?" काकांनी पिशवी छातीशी धरली. बाकावरचे बाकीचेही जरा सरकून बसले.

मी समजूत घातली. पण काका तोवर कूळ कायद्याच्या १ एप्रिल १९५७ ला पोचले होते. "त्या दिवशी जो जमीन कसत होता, तो मालक. आमचे आजोबा नारायण पेठेत, जमीन सूसला. गेली! उरली ती अकरा गुंठे. २०२१ साली तेवीस गावं महापालिकेत घेतली, त्यात आमचं सूस. आता त्या अकरा गुंठ्यांवर हिरवा झोन आहे का पिवळा, म्हणजे शेती का घरं, ते सांगायला हे लोक मला चौथ्यांदा बोलावतायत. तुम्ही याला आत्ता उठवा. आज बघतोय, उद्या वहिवाट सांगेल."

चहाहून आलेल्या ऑपरेटरला हे पटलं. माझं पटलं नव्हतं, काकांचं पटलं. लॉकच्या नावातला कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर आस्थापना शाखेत निघाला. आमची तिघांची वरात तिकडे गेली, काका पुढे.

कॉम्प्युटर चालू, पडदा काळा, खुर्ची रिकामी. मॅडम भाच्याच्या लग्नाला साताऱ्याला. "बंद करू नका हं," शेजारच्या टेबलावरून सूचना आली, "त्यांची एक्सेल सेव्ह करायची राहिलीय."

"पण आस्थापनेत ओढ्यांचा नकाशा कशाला उघडलाय?" मी विचारलं.

"फ्लॅट बघतायत ना त्या. ओढ्याच्या कडेला येतो का, ते बघत होत्या."

इथे मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा लोकांच्या घरांत शिरला, माणसं गेली. त्यानंतर फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकानं हाच नकाशा आधी बघायला हवा. मॅडमनी बघितला, शहाण्या आहेत, माझी काहीच तक्रार नाही. पण ज्याची बहीण-मेहुणी आस्थापना शाखेत नाही, त्यानं कुठे बघायचा? त्याला बिल्डरचं रंगीत पुस्तक मिळतं, आणि त्यात ओढ्याच्या जागी लॉन असतं.

खाली आलो. आता दुसरा मार्गच उरला नव्हता. कंट्रोल-सी दाबून ते ३४७ दिवसांचं अनुष्ठान मोडलं आणि ऑपरेटरनं मी सांगितलेलं अक्षर न् अक्षर टाइप केलं. काकांचा चहा संपायच्या आत डेटा डिस्कवर होता. आणि पडद्यावर ठळक अक्षरं आली: कॉपी अयशस्वी.

ती रोबोकॉपीची नव्हती. कॉपी झाली की नाही ते तपासणारी छोटी फाइल कार्यालयातल्या कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवली होती, तिची होती. काम संपलं की रोबोकॉपी एक आकडा देते. या फाइलीच्या मते तो शून्य आला तर यशस्वी, दुसरं काहीही आलं तर अयशस्वी. रोबोकॉपीचा हिशेब निराळा: कॉपी करण्यासारखं काही नव्हतं तर शून्य, फाइली नीट कॉपी झाल्या तर एक, आणि खरी बोंब आठपासून पुढे. म्हणजे या कार्यालयात आजवर यशस्वी नोंदलेली प्रत्येक कॉपी ही काहीच कॉपी न झाल्याची नोंद असणार. मी हे समजावलं. फोल्डर उघडून दाखवलं. ऑपरेटरनं मान डोलावली आणि रजिस्टरमध्ये 'अयशस्वी' लिहिलं.

"अयशस्वी झालेली डिस्क बाहेर देता येत नाही. साहेबांचा शेरा लागेल."

"साहेब कुठेत?"

"साइटवर."

माझी डिस्क, माझ्या पैशांची, त्याच्या कपाटात गेली. काकांना पुढच्या बुधवारी बोलावलं होतं. जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या त्या रोबोपेक्षा बरं."