दोन साक्षीदार अन् दीड डझन केळी

परवा संध्याकाळी आमचा किराणावाला घरी आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. चहा घेतला, तुरीचं विचारलं, तब्येतीचं दोनदा विचारलं, मग पिशवीतून लाल वही काढून म्हणाला, "मास्तर, अठराशे चाळीस होऊन राहिले. घाई नाई. पन आता तुमचं असं... म्हनून आलो."

माझं असं म्हणजे कसं? मला साखर नाही, बीपी नाही. गेल्या सोमवारी तालुक्याला जाऊन मृत्युपत्र करायला वकिलाकडे बसलो, एवढाच गुन्हा. सोमवार बाजाराचा. वकिलाच्या ओट्यावर मला गावातल्या कोणीतरी पाहिलं, आणि मी शेवटच्या एसटीनं परत येईस्तोवर मला पोटाचा क्यान्सर झाला होता. मंगळवारी बायकोला नळावर कोणीतरी धीर दिला. तिला आधी कळलंच नाही कशाबद्दल.

काम तसं सोपं आहे. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. मन बदललं तर फाडून नवीन लिहिता येतं. 1925 च्या कायद्यानं अट घातली ती दोन साक्षीदारांची. मी सही करताना त्यांनी पाहायचं आणि माझ्यासमोर आपली सही करायची. आत काय लिहिलंय हे त्यांना कळण्याची गरज नाही. वकील म्हणाले, "फक्त ज्याला काही देणार आहात, त्याला साक्षीदार घेऊ नका. उद्या संशयाला जागा राहते."

हे शेवटचं वाक्य मी गावात बोलायला नको होतं.

पहिला शेजारी म्हणाला, पाहतो. दुसरा म्हणाला, गुडघा दुखतो. सहीचा आणि गुडघ्याचा संबंध मला अजून लागलेला नाही. गुरुवारी सकाळी पुंडलिककाका आले. मी बोलावलं नव्हतं. हातात दीड डझन केळी. आमच्याकडे केळी घेऊन माणूस आला की समजावं, आपला निकाल लागला.

बाजेवर बसले, माझ्याकडे खालपासून वर पाहिलं. "वाळला रे."

"नाही काका. शर्ट मोठा आहे."

"असंच म्हनत असते. साक्षीदार पाहून राहिला म्हने तू?"

"हो. तुम्ही करता का सही?"

"करतो ना. पन वाचल्याबिगर नाई करत मी. सोसायटीच्या कर्जाले जामीन राह्यलो होतो, माहीत हाय ना? ज्यानं कर्ज घेतलं तो पयाला, अन् माही बैलजोडी गेली."

"काका, हे कर्ज नाही. तुम्हाला वाचायची गरजच नाही."

"मंग त मी अजिबातच नाई करत. ज्याच्यात वाचू देत नाई त्याच्यात काही तरी असते." थोडं थांबले. एक केळ स्वतःच सोललं. "बरं, बंडी कोनाले?"

"बंडी?"

"बंडी, बंडी. बैलगाडी. आस लोखंडी हाय तिचा."

"बंडीचं लिहिलं नाही अजून."

"पाह्य! म्हनूनच म्हनतो वाचू दे. अन् मोटरपंप?" केळ संपलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लेका, खरं सांग. मी सही केली त मले काहीच नाई भेटनार, असं वकील म्हने ना?"

"तसं म्हणाले खरं."

"अन् नाई केली त?"

मी गप्प बसलो. काका उठले, धोतर झटकलं, म्हणाले, "मंग माहा गुडघा दुखते."

तेव्हा मला शेजाऱ्याचा गुडघा कळला. आमच्या गावात साक्षीदार का मिळत नाही याचं कारण भीती नाही, आशा आहे.

दारातून काका परत वळले. "अन् ट्रस्ट कायचा काढून राहिला? बायको सांगत होती. मंदिराचा हाय का? महाप्रसाद कधी मंग? मले अध्यक्ष नको, खजिनदार केलं तरी चालते."

खजिनदार! आता इथं मला हसू येत नाही. 2009 मध्ये बाबा गेले. त्यांच्या खात्यावर 62 हजार होते आणि नॉमिनी म्हणून भावाचं, म्हणजे याच पुंडलिककाकांचं नाव. नॉमिनीनं पैसे घ्यायचे ते वारसांना द्यायला, तो मालक होत नाही, हे काकांना पटेपर्यंत त्या पैशाची मोटरसायकल झाली होती. ती अजून चालते. केळी तिच्यावरच आली.

बाबांनी दोन ओळी लिहिल्या नाहीत. "मी काय मरून राहिलो का?" म्हणायचे. मग सातबाऱ्यावर आई, आम्ही दोघं भाऊ आणि दोन्ही बहिणी. बहिणींचा हक्क बरोबरीचाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाटणी राहिली, मोठी बहीण वारली, तिचे चार वारस चढले, त्यातला एक सुरतला. पीककर्ज म्हटलं की सगळ्यांच्या सह्या. एका सहीसाठी मी सुरतला गेलो आहे, ऐन कापूसवेचणीत, पऱ्हाटी पांढरी उभी असताना. तेव्हा कोणी केळी आणली नाहीत.

वाटणी शेवटी झाली. आता माझा जीव अडकलाय लहान्यात. माझा धाकटा भाऊ. वय 46, बुद्धीनं सात वर्षांचा. गुरं ओळखतो, माणसं ओळखतो, नोटा ओळखत नाही. त्याच्या नावानं थेट शेत लिहिलं तर कोणीतरी चहा पाजून अंगठा घेईल, आणि कोण घेईल हेही मला ठाऊक आहे. म्हणून वकिलांनी मार्ग काढला तो खासगी ट्रस्टचा. 1882 चा कायदा आहे त्याला. देऊळ लागत नाही, वर्गणी लागत नाही. मृत्युपत्रातच लिहायचं की ही दोन एकर आणि एवढी ठेव लहान्यासाठी. सांभाळणार माझी मुलगी आणि धाकट्या बहिणीचा मुलगा. त्यांनी उत्पन्न लहान्यावर खर्च करायचं, स्वतःसाठी वापरायचं नाही. गावभर माझ्या पोटाची चौकशी झाली, लहान्याचं काय, हे एकानं विचारलं नाही.

तर किराणावाला लाल वही उघडी ठेवून बसला होता. मी म्हटलं, "कायदा असा आहे की मी मेलो तर आधी माझं कर्ज फिटणार, मग बाकीच्यांचं वाटप. तुमचा नंबर पहिला."

"बायकोच्याही आधी?"

"बायकोच्याही आधी."

त्याचा चेहराच उजळला. "मंग साक्षीदार मी होतो ना. मले काय भेटनार हाय दुसरं? पन एक करा मास्तर, अठराशे चाळीस लिव्हून टाका त्याच्यात."

मी पैसे जागेवर देऊन टाकले. लगेच त्याचा उत्साह मावळला, पण शब्दाला जागला. दुसरा साक्षीदार पोस्टमन. सोमवारी जायचं आहे, पुन्हा बाजाराच्याच दिवशी, कारण पोस्टमनला बायकोनं मेथी सांगितली आहे.

दीड डझनातलं एक काकांनी खाल्लं होतं. उरलेली सतरा लहान्यानं दोन दिवसांत संपवली. आज सकाळपासून तो ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहतोय. मघाशी मला विचारलं, "दादा, उद्या कोन येऊन राह्यलं तुले पाहाले?"