बिडी नाही ओढली, पण चूल फुंकली

‘रुग्ण धूम्रपान करत नसेल तर जठराच्या ऑपरेशननंतर न्यूमोनियाची भीती कमी,’ हे लेखातलं वाक्य खटकलं. माझ्या आईच्या केसपेपरवरही ‘धूम्रपान : नाही’ असंच होतं. बिडीला हात लावला नाही हे खरं, पण ४० वर्षं फुंकणी घेऊन चुलीसमोर बसली, त्याचं काय? तो रकानाच नव्हता. कर्करोगाची गाठ नीट निघाली, आणि चौथ्या दिवशी ताप, धाप, न्यूमोनिया!

ऑपरेशननंतर फुप्फुसांना त्रास होण्याचा धोका गुण देऊन मोजतात, त्या ‘अरिस्कॅट’ पद्धतीच्या ७ मुद्द्यांत तर धूर नाहीच, ना बिडीचा ना चुलीचा. छेद पोटाच्या वरच्या भागात असला की मात्र धोक्याचे गुण वाढतात. का, ते आईजवळ बसल्यावर कळलं. दुखतं म्हणून ती खोल श्वासच घेईना, खोकला दाबून धरायची, कफ साचत गेला. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं फुंकायचं (खरं तर ओढायचं!) यंत्र आम्हाला ऑपरेशननंतर मिळालं. दोन आठवडे आधी का नाही दिलं? शेवटी एका नर्सताईंनी पोटाशी उशी धरून खोकायला शिकवलं, तेव्हा कुठे कफ सुटला.