पन्नास रुपये दंडाबद्दल

दादा, प्रोबेशनची (म्हणजे दोषी ठरवून, शिक्षा न सुनावता, चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडणं) अट मोडली तर काय होतं ह्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. ‘उगाच घाबरवू नका, माझ्या भाच्याला प्रोबेशन मिळालं म्हणजे केस संपली, अट मोडली तरी कायद्यात पन्नास रुपयेच दंड आहे’, असं तुमचं म्हणणं. पन्नासचं बरोबर आहे, पोस्टमध्ये ते यायलाच हवं होतं, राहिलं, चूक माझी. कायदा (प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट) १९५८ चा, आकडाही तेव्हाचाच, आज त्यात दोन वडापाव आले तर आले.

पण कलम ९ पूर्ण वाचा ना. तो दंड पहिल्यांदाच अट मोडली असेल तर, आणि तोही कोर्टाला वाटलं तर. नाहीतर त्याच कलमाखाली कोर्ट सरळ मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावतं. आणि केस संपलेली नसतेच हो, भाचा दोषी ठरलाय, फक्त शिक्षा सुनावलेली नाही, बाँड लिहून घेतलाय की मुदतीत (जास्तीत जास्त तीन वर्षं) कधीही बोलावलं तर शिक्षा घ्यायला हजर होईन आणि तोवर नीट वागेन.

माझ्याकडे एका पोराची केस आली होती, मारामारीची, अट अशी की गावातच राहायचं. चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलं आणि गेलं न सांगता. दारू नाही, भांडण नाही, काही नाही. समन्स आलं, जामीनदार म्हणून बापालाही. म्हातारा ते कागद दुधाच्या पिशवीत घालून आला आणि मला विचारतो, पोरगं कामाला गेलं ह्यात गुन्हा काय? आता काय सांगणार, आधी प्रोबेशन ऑफिसरला (सोडलेल्या माणसावर देखरेख ठेवणारा अधिकारी) सांगितलं असतं तर त्यांनी कलम ८ खाली अर्ज करून कोर्टाकडून अट बदलून घेतली असती, तेवढंच राहिलं होतं. शेवटी दंडच झाला, पन्नास, बाँड तसाच चालू. म्हणजे उदाहरण तुमच्याच बाजूचं निघालं म्हणा, पण आता त्याची पहिली चूक वापरून झालीये.

नोकरीचं म्हणाल तर कलम १२ मुळे दोषी ठरल्याची अपात्रता लागत नाही हे खरं, पण पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली की ते संरक्षण गेलं. सरकारी नोकरी असेल तर खातं त्याच्या वागण्यावरून वेगळी कारवाई करू शकतं, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.

भाच्याच्या बाँडवर मुदत किती लिहिलीये आणि प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीचा वेगळा आदेश आहे का, तेवढं बघून इथेच सांगा.