सूज उतरवायचीय? मग नॅचरल घ्या आणि डोस विचारू नका

गुडघा दुखतोय, सकाळी उठलं की बोटं आखडलेली असतात, टाच टेकवत नाही? तर पहिलं काम, डॉक्टरकडे जाऊ नका. गेलात की ते रक्त तपासायला लावणार, वजनकाट्यावर उभं करणार (हे जास्त दुखतं) आणि शेवटी गोळी लिहून देणार, आणि गोळी म्हणजे केमिकल. आपल्याला पाहिजे नॅचरल. नॅचरल म्हणजे ज्या डबीवर हिरवं पान छापलंय ते, फार खोलात जाऊ नका.

सुरुवात अर्थातच हळदीने. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय टॅग (त्या गावचीच वस्तू असल्याचा सरकारी शिक्का) मिळाला, सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमधे ती पिढ्यान् पिढ्या साठवली जायची, हे सगळं अभिमानाने चार लोकांना सांगा आणि मग घरातल्या हळदीच्या डब्याकडे ढुंकूनही न बघता कॅप्सूलची बाटली ऑनलाइन मागवा. कारण हिशोब करायला बसलात तर पंचाईत आहे. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते पिवळं द्रव्य, असतं साधारण 3 टक्के, म्हणजे 3 ग्रॅमच्या चमच्यात 90 मिलिग्रॅम धरा. गुडघेदुखीवर ज्या छोट्या छोट्या ट्रायल्समधे थोडाफार आराम दिसलाय तिथे रोज हजार मिलिग्रॅमच्या आसपास दिलेलं असतं, म्हणजे अकरा चमचे हळद झाली, कपभर दुधात घातलीत तर दूध राहणारच नाही, चमचा उभा राहील असं पिठलं होईल. पण हे कुणाला बोलायचं नाही, आपण आपलं रात्री चिमूटभर टाकून प्यायचं आणि सकाळी गुडघ्याला विचारायचं, काय रे, उतरली का सूज?

कुणी शंका काढलीच तर पेटंटचा किस्सा काढा. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मंडळींनी हळदीने जखम भरते यावर पेटंट मिळवलं, डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख, त्यांनी लढा दिला आणि 1997 मधे ते रद्द करून घेतलं. खरंच भारी काम होतं ते. फक्त ते रद्द झालं ते "यात नवीन काही नाही, हे भारतात आधीपासून माहीत आहे" या मुद्द्यावर. हळदीने संधिवात बरा होतो असा निकाल तिथे कुणी दिलेला नाही, पण फॅमिली ग्रुपवर एवढं बारीक कोण वाचतंय, टाका बिनधास्त.

आता बाटलीवर मोठ्या अक्षरात 2000 टक्के असं लिहिलेलं दिसेल. ते मिऱ्याचं काम. कर्क्युमिन नुसतं गिळलं तर रक्तात जवळजवळ पोचतच नाही, बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मधे त्याच्यासोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण तेवढं वाढलं. जवळजवळ शून्याच्या वीसपट म्हणजे किती, हे गणित तुमच्यावर सोडतो. शिवाय पायपरिन काय करतं तर शरीराचं औषधं मोडून बाहेर टाकायचं काम मंद करतं, आणि ते फक्त कर्क्युमिनच्या बाबतीत करा हं, बीपी-बिपीच्या गोळीला हात लावू नका, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. इटलीत 2019 मधे हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आल्याच्या इतक्या केसेस निघाल्या की सरकारने डब्यांवर इशारा छापायला लावला. म्हणजे बघा, गुडघ्याची सूज उतरवायला गेले आणि ती लिव्हरवर चढली. तुमचे डोळे पिवळे दिसायला लागले तर घाबरू नका, हळद लागली म्हणा.

जमीन झाली, आता समुद्र. माझी मावशी रत्नागिरीची, दारावरून कोळीण ताज्या तारल्या घेऊन जाते, पण मावशीला तारलीचा वास सहन होत नाही म्हणून ती फिश ऑइलची कॅप्सूल घेते. दिवसभर ढेकर येतात, तारलीचेच! बरं ते तेल बहुतेक पेरूच्या किनाऱ्यावरच्या मासळीचं, म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला वास. हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधे कामाचं ओमेगा-3, म्हणजे ईपीए आणि डीएचए ही दोन फॅटी ॲसिडं मिळून, साधारण 300 मिलिग्रॅम असतं, बाकी नुसतं तेल. आणि संधिवाताच्या ज्या अभ्यासांत फरक पडला तिथे रोज तीनेक ग्रॅम ओमेगा-3 महिनोन् महिने दिलेलं आहे, म्हणजे रोज दहा कॅप्सूल. मावशी एक घेते, तीही आठवण राहिली तर, आणि "मला खूप फरक आहे" म्हणते. बांगडा तारली खाऊन फरक पडला असता तर सांगण्यासारखं काय राहिलं असतं, दोनशे रुपयांच्या मासळीचं कौतुक कोण करतं.

आणि "नॅचरल आहे ना, मग साइड इफेक्ट नाही" हे वाक्य पाठच करा, आणि पावसाळ्यात सह्याद्रीत गेलात की कळलावीसमोर उभं राहून म्हणा. लाल-पिवळं ज्वाळेसारखं फूल, शंभर टक्के नैसर्गिक, तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, गाऊटची (युरिक ॲसिड साचून सांधे सुजतात त्याची) सूज उतरवायला डॉक्टर हेच औषध देतात, अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत मोजून. कंद उकरून खाल्लात तर मोजायचं काम राहत नाही, कारण मोजणारा राहत नाही. नावातच कळ आहे, अजून किती स्पष्ट सांगायचं झाडाने.

ॲस्पिरिन मात्र अजिबात नको, ते केमिकल. त्याचं मूळ विलो नावाच्या झाडाच्या सालीत आहे, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या भाऊबंदात, हे विसरा. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने 1763 मधे ती साल वाळवून कुटून तापाच्या लोकांना दिली आणि रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला तसं पत्र पाठवलं, आणि गंमत म्हणजे तो वजन करून देत होता, आधी थोडी, मग वाढवत वाढवत. पुढे त्या सालीतल्या द्रव्याच्या नात्यातलं सॅलिसिलिक ॲसिड औषध म्हणून आलं, त्याने लोकांची पोटं जळायला लागली, 1897 मधे बायर या जर्मन कंपनीच्या फेलिक्स हॉफमनने त्यात बदल करून ते जरा सुसह्य केलं, झालं ॲस्पिरिन. पण तुम्ही साल उकळूनच प्या, पोट जळलं तरी नॅचरली जळेल.

शेवटचं. कधी ना कधी डॉक्टरकडे जावंच लागतं, मावशीलाही लागलं, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू करायच्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, मावशी, अजून काही औषधं चालू आहेत का? मावशीच्या पर्समधे हळद-मिऱ्याची बाटली, फिश ऑइलची बाटली, आणि शेजारणीने दिलेली कसलीशी हिरवी पुडी. मावशी छान हसली आणि म्हणाली, "नाही हो डॉक्टर, मी औषधं घेतच नाही."