रोज पन्नास शब्द, अन् दोष माझ्या डोक्याचा?

"ध्यान कुठं असतं तुमचं?" हे आता आणखी एकदा ऐकलं ना, तर वही जर्मन क्लासच्या सरांच्या टेबलावर आपटून येईन.

महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यासोबत मनुष्यबळाचा करार काय केला, आमच्या तालुक्याच्या गावी जर्मन क्लासचे बोर्डच बोर्ड. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. तिकडं नर्स म्हणून मान्यता पाहिजे तर जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. लागते तर लागते, मेहनतीला कोण भेतं इथं? दिवसभर कापूस वेचून रात्री वही घेऊन बसतेच ना मी. पण शिकवायची ही कोणती तऱ्हा? फळ्यावर पन्नास शब्द, पुढं मराठी अर्थ, अन् "दहा-दहा वेळा लिहून आणा". एक वाक्य नाही की कोणाशी कधी बोलायचं ते नाही.

त्यातही एका जातीचे सगळे शब्द एकाच दिवशी! क्रांकेनहाउस म्हणजे दवाखाना, क्रांकेनवागेन म्हणजे अँब्युलन्स, क्रांकेनकासे म्हणजे आजारपणाचा विमा देणारी संस्था, क्रांकेनश्वेस्टर म्हणजे नर्स. सकाळपर्यंत माझ्या डोक्यात नर्सच सायरन वाजवत पळत असते. अन् हा शेवटचा शब्द तरी ताजा आहे का? 2020 पासून तिकडं नव्यानं शिकून निघणाऱ्या नर्सचं अधिकृत पदनाम 'फ्लेगेफाखफ्राउ' आहे. मला माझ्याच धंद्याचं जुनं नाव दहा वेळा लिहायला लावलं!

जर्मनमध्ये प्रत्येक नामाला त्याच्या लिंगाप्रमाणं पुढं डेअर, डी नाहीतर डास लागतं. ते यादीत नाहीच. "मागाहून पाहू." मागाहून म्हणजे तेच शब्द पुन्हा पहिल्यापासून. पावसाचा पत्ता नसताना पेरायला लावायचं, अन् दुबार पेरणीचा खर्च आमच्या बोकांडी.

बरं, हे कळायला काही नवा शोध लागायचा नाही. हेरमान एबिंगहाउस, स्मरणशक्तीचा अभ्यास करणारा जर्मनच माणूस, 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून लिहून गेला: आदल्या एकाच दिवशी 68 उजळण्या रेटून जे साधलं, तेच तीन दिवसांत वाटून केलेल्या 38 उजळण्यांत साधलं. आमच्या क्लासात मात्र कालची यादी आज कोणी काढतच नाही. आज नवे पन्नास. शनिवारी एकदम सगळ्यांची टेस्ट, अन् नापास झालं की डोकं माझंच खराब.

फुकटचे सल्ले देणारे वेगळेच. म्हणे, जर्मन लोकांशी बोला. आमच्या पारावर कोणता जर्मन बसला आहे? म्हणे, व्हिडिओ पाहा. नेटवर्क येतं ते फक्त झेडपी शाळेच्या भिंतीजवळ, तिथं रात्री पोट्ट्यांची गर्दी. म्हणे, घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवा. चिकटवल्या. गंजावरची चिठ्ठी चुलीवरच जळाली, दारावरची बकरीनं खाल्ली, अन् आई म्हणते, "काहून वं, घरालेच औषधाचं दुकान केलं का?" म्हातारीचं काही चुकलं नाही.

यादीच कमी करा म्हटलं सरांना. रोज दहा द्या, पण वाक्यात द्या, अन् परवाचे आज विचारा. तर म्हणे, "सिलॅबस कसा संपणार मग?" तुमचा संपेल हो सिलॅबस. परीक्षेच्या खोलीत पुढचा माणूस बोलायला लागला की तोंड उघडायचं आहे मला. अन् फीची तारीख? ती सरांना कोणत्याच यादीत न लिहिता बरोबर आठवते.